चोराची चाहूल देणारी किल्ली
बँकेचा व्यवहार असो की डॉक्टरांचा रिपोर्ट, आपली माहिती ऑप्टिकल फायबरमधून प्रकाशाच्या रूपात धावते. वाटेत कोणी ती चोरून वाचली तर? १९८४ मध्ये चार्ल्स बेनेट आणि जिल ब्रासार यांनी उपाय सुचवला: निरोप कुलूपबंद करणारी गुप्त किल्ली एकेका प्रकाशकणातून पाठवायची. चोराने कण वाचू पाहिले की त्यांत गडबड होते. दोन्ही टोकांनी थोडा नमुना ताडून पाहिला की चोरी उघडी पडते. मग ती किल्ली टाकून द्यायची. खरा निरोप अजून निघालेलाच नसतो! २०२२ मध्ये डीआरडीओ आणि आयआयटी दिल्लीने प्रयागराज ते विंध्याचल, १०० किलोमीटरहून लांब फायबरवर, हे करून दाखवले. चोर येईलही, पण लपणार नाही.