सातावरची आडवी रेघ

परवा संध्याकाळी आमच्या शेजारची मुलगी पायऱ्यांवर येऊन बसली. गेल्या वर्षीच तिला एका बँकेत काउंटरवर नोकरी लागली आहे. चेहरा पडलेला. म्हटलं, "काय गं, आज रविवार ना? मग असं तोंड का?"

"तेच तर काकू! रविवार संपत आला," ती म्हणाली. मग हळूहळू तिनं सगळं सांगितलं. त्यांच्या ऑफिसनं सगळ्यांना एका हॉटेलात नेऊन दिवसभराचं शिबिर घेतलं. कामावर प्रेम करा, हसतमुख राहा, विचार सकारात्मक ठेवा, असं खूप काही सांगितलं. जेवण छान होतं म्हणे! "पण काकू, आवड अशी सांगून येते का? रोज तीच स्लिप, तेच पासबुक, तेच शिक्के. त्यात जीव ओतायचा म्हणजे करायचं तरी काय?"

वाचकहो, तिला द्यायला माझ्याकडे झटकन उत्तर नव्हतं. कारण हाच प्रश्न घेऊन मी स्वतः बारा वर्षं एका खुर्चीवर बसले होते.

मला व्हायचं होतं कॉलेजात मराठीची प्राध्यापिका. पण वडील अचानक गेले, पाठची दोन भावंडं शिकत होती. १९८४ साली बेळगावातल्या एका हायस्कुलात क्लार्कची जागा मिळाली ती घेतली. फी घ्यायची, पावत्या फाडायच्या, हजेरीचे गोषवारे काढायचे, शाळा सोडल्याचे दाखले लिहायचे. माझ्याबरोबर एम. ए. करायचं ठरवलेल्या मैत्रिणी पुढे गेल्या आणि मी जनरल रजिस्टरातली नावं उतरवत राहिले. मनात सारखं एकच, हे माझं काम नव्हे. काम वेळेत होई, पण माझं लक्ष त्यात नसे.

आमचे हेडमास्तर दर वर्षी बक्षीस समारंभात लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट सांगत. लक्ष्मणराव आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. १८८८ साली किर्लोस्कर बंधूंनी बेळगावात सायकलींचं दुकान काढलं. पुढे लक्ष्मणराव मुंबईतली शिक्षकाची नोकरी सोडून इथे आले, कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर करू लागले. लोखंडाच्या नांगरानं जमीन नासते, अशी तेव्हा शेतकऱ्यांची समजूत. पहिले नांगर विकले जायला दोन वर्षं लागली, पण लक्ष्मणरावांनी काम सोडलं नाही. १९१० साली जागा सोडावी लागली तेव्हा औंध संस्थानात, कुंडलजवळच्या माळावर त्यांनी नव्यानं कारखाना उभारला.

गोष्ट ऐकून मुलं टाळ्या वाजवत. मी मागे बसून मनात म्हणे, नांगर बनवणाऱ्याला जिद्द शोभते. दाखल्यावर नावं उतरवणाऱ्या बाईनं कसली जिद्द दाखवायची?

मग १९९६ चा पावसाळा आला. एक दिवस खानापूर तालुक्यातले एक गृहस्थ भिजलेलं धोतर सावरत ऑफिसात आले. बरोबर मुलगी. दहावी पास झालेली, नर्सिंगला नंबर लागलेला. त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून दाखला काढला आणि माझ्यापुढे ठेवला. दाखल्यावर जन्मतारीख इंग्रजी आकड्यांत असे आणि शेजारी अक्षरांतही. अक्षरांत मी सतरा लिहिलं होतं. पण आकड्यातला माझा सात इतका घाईनं ओढलेला की तो सरळ एक दिसत होता! कागद तपासणाऱ्यांनी बोट ठेवलं, आकडा आणि अक्षर जुळत नाही, शाळेकडून दुसरा दाखला आणा. गावाहून इथे यायला त्यांना दोन बस. मध्ये पावसानं एक दिवस गाडीच आली नाही. आणि प्रवेशाची मुदत संपली होती आदल्याच संध्याकाळी.

मी नवा दाखला लिहिला. हात थरथरत होता. हेडमास्तरांची सही घेतली, सोबत पत्र दिलं, चूक माझी आहे असं त्यात स्वच्छ लिहायला लावलं. त्याचा उपयोग झाला नाही. मुलीचं वर्ष गेलं ते गेलंच.

पण मला आजही टोचतं ते वेगळंच. ते गृहस्थ माझ्यावर ओरडले नाहीत. दाखला नीट घडी घालून पिशवीत ठेवला, हात जोडले आणि म्हणाले, "लई उपकार झाले बाई, लगेच करून दिलासा." मुलगी मात्र काही बोलली नाही. ती माझ्या हातातल्या पेनाकडे बघत होती.

त्या दिवशी शाळा सुटली तरी मी उठले नाही. घंटा झाली, मुलं धावत फाटकाबाहेर गेली. आमचे शिपाईमामा खोल्यांना कुलपं लावून ऑफिसात आले. माणूस अबोल. घंटा वाजवायच्या आधी पाच मिनिटं ते घड्याळाखाली जाऊन उभे राहत, ही त्यांची सवय सगळ्यांना ठाऊक. शिक्षक गमतीनं म्हणत, मामांची घंटा म्हणजे रेडिओच्या बातम्या! मीही हसत असे. त्या दिवशी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "मामा, मिनिटभर इकडेतिकडे झालं तर काय बिघडतं हो? एवढं कशाला जपता?"

मामा म्हणाले, "अहो बाई, घंटा काय माझ्यासाठी वाजवतोय होय मी? खानापूर रस्त्याच्या पोरांना पाच-दहाची गाडी गाठायची असती. ती चुकली की पुढची साडेसहाला. पोरी अंधारात घरी पोचतात बघा."

बस्स, एवढंच बोलले आणि किल्ल्या खिळ्याला अडकवून गेले.

बारा वर्षं मी त्या घंटेखाली बसले होते. मला नुसता टोल ऐकू येई. मामांना त्या टोलापुढे धावणाऱ्या पोरी दिसत. माझ्यापुढे रजिस्टर होतं, त्यातली माणसं मी कधी पाहिलीच नव्हती. मामांना घंटा बडवण्याची आवड होती असं मी म्हणणार नाही. लोखंडाच्या तुकड्यावर हातोडी मारण्यात कसली आलीय आवड? पण त्या कामाच्या दुसऱ्या टोकाला कोण उभं आहे, हे त्यांना पक्कं माहीत होतं. आणि लक्ष्मणरावांचा नांगर तरी काय, शेतात कुणाच्या तरी हातात जाणारच होता. मी गोष्टीतला कारखाना तेवढा ऐकला होता, शेतकरी ऐकलाच नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून मी एक साधी गोष्ट सुरू केली. दाखला लिहून झाला की मुलाला समोर उभं करायचं आणि मोठ्यानं वाचून दाखवायचं. नाव, वडिलांचं नाव, गाव, तारीख. "बरोबर आहे का रे?" आपल्या भागात तर एकच नाव मराठीत एक, कन्नडात दुसरं आणि इंग्रजीत तिसरंच होऊन बसतं. मुलं बिचकत सांगायची, "बाई, आमच्या आडनावात दोन ल." मग आडनाव कुठून आलं, गावाचं नाव असं का, यावर दोन शब्द व्हायचे. प्राध्यापिका होऊन शब्दांची कुळं शोधायची माझी हौस त्या खिडकीतच थोडीफार भागली म्हणा ना!

म्हणून काही रोज उत्साह ओसंडून वाहत होता असं नाही. कंटाळा यायचा, मार्च अखेरीला डोकं उठायचं. पगार वेळेवर झाला नाही तेव्हा मी इतरांबरोबर जाऊन अर्ज दिला, भांडलेसुद्धा. हसतमुख राहा याचा अर्थ हक्काचं मागू नका, असा कुणी सांगत असेल तर त्याचं ऐकू नये. पण पगाराचं भांडण पगार देणाऱ्याशी. त्याचा राग खिडकीपुढच्या पोरावर काढायचा नाही, एवढं मी पाळलं.

हे सगळं त्या शेजारच्या मुलीला सांगितलं. म्हटलं, "आवडीचं नंतर बघू. उद्या फक्त एका माणसाकडे नीट बघ. त्या स्लिपेचं त्याला काय करायचंय, तेवढं लक्षात घे."

चार दिवसांनी ती भाजी आणायला निघालेली फाटकाशी भेटली. म्हणाली, "काकू, आज एक आजी पेन्शनला आल्या होत्या. पासबुक दोनदा छापून मागत होत्या, सगळे वैतागले. मी विचारलं तर म्हणाल्या, अक्षर पुसट येतंय, नातवाला वाचता येत नाही. मशीनची रिबन संपत आली होती, काकू! महिनाभर कुणाच्या लक्षातच नाही आलं." रिबन बदलून घेतली म्हणे. हे सांगताना तिचा चेहरा रविवारसारखा नव्हता.

मी २०१४ साली निवृत्त झाले. मामा त्याच्या बऱ्याच आधी गेले. ती खानापूरकडची मुलगी पुढे नर्स झाली की नाही, मला कधी कळलं नाही. पण अजून दुधाचा हिशेब मांडतानाही, इंग्रजी सात लिहिला की त्याच्या मध्यावर मी एक आडवी रेघ मारते. नातवंडं हसतात, "आजी, सातला पट्टा कशाला?"

मी म्हणते, "असू दे. कुणाला तो एक वाटायला नको."