किरकोळ मजकुराच्या बाजूने

‘तपशील फार, घटना कमी’ हा शेरा आत्मपर लेखनाच्या वाट्याला नेहमी येतो. महाविद्यालयात साहित्य शिकविताना आम्ही दोघांनीही तो विद्यार्थ्यांच्या वह्यांत अनेकदा लिहिला आहे. गेल्या नोव्हेंबरातील एका आठवड्यानंतर मात्र तो मागे घ्यावा असे आम्हांस वाटू लागले.

सोमवारी हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत गेलो. एकाचा अंगठा यंत्राने दोनदा नाकारला, तिसऱ्यांदा मानला. जिवंत असल्याचे सिद्ध करून बाहेर आल्यावर उसाचा रस प्यावा की नाही, यावर वाद झाला. दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी रक्त द्यायचे होते. बुधवारी गिरणी आणि चष्म्याची दांडी. गुरुवारी हृदयाची तपासणी. शुक्रवारी मंडईत नवा मटार आला होता. शनिवारी सात कप्प्यांच्या डब्यात पुढच्या आठवड्याच्या गोळ्या भरल्या आणि रविवारी बालगंधर्व रंगमंदिरात नाटक पाहिले.

यातील एकमेव ‘घटना’ गुरुवारची, आणि ती बंद दारामागे घडली. ‘फक्त पेशंटने आत यावे’ असे सांगण्यात आले. एक आत, दुसरा बाहेर बाकावर, मांडीवर दोघांचे चष्मे आणि फाइल. मराठीत ‘आपण’ ऐकणाऱ्याला सामावून घेते, ‘आम्ही’ त्याला वगळते, हे व्याकरण आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो. घरात एकमेकांशी बोलताना ‘आपण’, जगाशी बोलताना ‘आम्ही’. त्या बाकावर यांपैकी कोणतेच सर्वनाम उपयोगाचे नव्हते. पुढे दोघांना आत बोलावून डॉक्टर म्हणाले, ‘तुमची झडप अरुंद झाली आहे, सहा महिन्यांनी पुन्हा पाहू.’ ते ‘तुमची’ आदरार्थी होते, एकालाच उद्देशून. ‘बरं’ मात्र दोघेही एकदमच म्हणालो.

घरी येऊन रमाबाई रानडे यांचे पुस्तक काढले. न्यायमूर्ती रानडे १९०१ साली वारले. रमाबाईंच्या आठवणी १९१० साली प्रसिद्ध झाल्या. तरीही शीर्षक ‘माझ्या’ असे नाही, ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ असे आहे. सुधारणेच्या इतिहासाचे साधन म्हणून आपण हे पुस्तक शिकवितो, आणि ते योग्यच आहे. परंतु पतीजवळ बसून केलेला अभ्यास, घरातील बायकांचे टोमणे, अखेरच्या आजारातील शुश्रूषा हे सारे केवळ सुधारणेच्या कथेची पार्श्वभूमी नव्हे. जोडीदार गेल्यावर नऊ वर्षांनीही ‘आमच्या’ म्हणता येते, ते या तपशिलांच्या आधारावर.

कोणी म्हणेल, मग वाण्याची यादीही साहित्य मानायची काय? तसे आमचे म्हणणे नाही. तपशील निवडावा लागतो, आणि जो कंटाळवाणा आहे तो कंटाळवाणाच राहतो. आक्षेप आहे तो वाचण्याआधीच ठरविलेल्या श्रेणीला : आंदोलन, घटस्फोट, मृत्यू या घटना, रक्त देणे, दळण आणणे, गोळ्या मोजणे हा भराव. उतारवयात ही विभागणी टिकत नाही. शनिवारी गोळ्या भरताना पुढचे सात दिवस गृहीत धरलेले असतात, आणि ते गृहीत आहेत याची जाणीवही त्याच वेळी असते. ही जाणीव ज्या लेखनात उतरते, त्यात घटना कमी आहेत असे कसे म्हणावे?

शिक्षक मित्रांना म्हणून एक विनंती. पुढच्या सत्रात विद्यार्थ्यांना आजीआजोबांच्या एका आठवड्याची नोंद करण्यास सांगावे, आणि वही तपासताना तो जुना शेरा लिहिण्यापूर्वी क्षणभर थांबावे.

शुक्रवारच्या मटाराचे सांगायचे राहिले. सोलताना आम्ही दोघेही गप्प होतो. निम्मे दाणे तिथेच खाऊन संपले. उसळीला पुरले नाहीत.