ग्रहांचे गणित आणि जगाचे भविष्य

वर्ष सरत आले की ज्योतिष व गणित यांच्या आधारे जगाचे भविष्य सांगणाऱ्या मजकुराला भरती येते. युद्ध कोठे पेटेल, भूकंप कधी होईल, सारे सांगून टाकलेले असते. त्यातला ‘गणित’ हा शब्द विज्ञानाच्या विद्यार्थ्यालाही क्षणभर दबकवतो.

या गणिताची खरी मातब्बरी पहाडगंजपासून जवळच, सवाई जयसिंगाने अठराव्या शतकात उभारलेल्या जंतरमंतरात दिसते. ग्रह आज कोठे आहे आणि उद्या कोठे असेल, हे मोजता येते. पंचांगातले ग्रहण ठरल्या वेळी लागते ते त्यामुळेच. पण ‘शनी अमुक राशीत, म्हणून युद्ध’ या वाक्यातल्या ‘म्हणून’ला कोणतेही समीकरण नाही. पहिल्या पायरीची अचूकता दुसरीला उसनी दिली जाते, एवढेच.

फेब्रुवारी 1962 मधील अष्टग्रही आठवा. सूर्य, चंद्र, पाच ग्रह आणि केतू मकर राशीत एकत्र आले; हे गणित बिनचूक होते. त्यावरून प्रलयाची भाकिते झाली, देशभर होमहवने झाली आणि जग जागच्या जागी राहिले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये चीनने आक्रमण केले, तेव्हा ‘फळ उशिरा मिळाले’ असे म्हणण्याची सोय झाली! जे भाकीत घटना घडल्यावर अर्थ बदलते, ते तपासायचे कसे?

तपासता येते, हे पुण्यात 2008 साली जयंत नारळीकरांनी दाखवले. संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे त्यांच्यासोबत होते. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका मिसळून प्रत्येक ज्योतिषाला 40 पत्रिका दिल्या. कोणती कोणाची, एवढेच ओळखायचे होते. नाणे उडवूनही सरासरी 20 उत्तरे बरोबर येतात, म्हणून यशाची रेषा आधीच 28 वर आखलेली होती. उत्तरे धाडणाऱ्या 27 जणांपैकी सर्वोत्तमाची 24 बरोबर आली; सर्वांची सरासरी 46 टक्के. या प्रयोगातली मोलाची गोष्ट निकालापेक्षाही ती आधी आखलेली रेषा, असे मला वाटते.

जागतिक भाकितांना हीच रेषा लावावी. सात किंवा त्याहून अधिक तीव्रतेचे भूकंप जगात वर्षाकाठी सरासरी पंधरा होतात. तेव्हा ‘येत्या वर्षी मोठा भूकंप’ हे सांगायला पत्रिका कशाला? तारीख, ठिकाण आणि तीव्रता सांगा, मग बोलू.

पहाडगंजच्या नूतन मराठी शाळेतल्या मुलांनाही हा प्रयोग करता येईल. जानेवारीत अशी भाकिते शब्दशः उतरवून पाकिटात बंद करावीत, डिसेंबरात उघडावीत आणि फसलेलीही मोजावीत.