विडीला दंड, बाटलीला मान



विडी ओढणाऱ्याला हाकलायचे आणि बाटली उघडणाऱ्याला खुर्ची द्यायची, असा सध्याचा न्याय आहे. विडीची तरफदारी आम्हाला करायची नाही. तंबाखूने छाती जाते, तोंड जाते, माणूस जातो. जगात तंबाखूने मरणारे दारूने मरणाऱ्यांपेक्षा जास्तच आहेत. तंबाखूवरचा कायदा कडक झाला हे बरेच झाले. आमचा सवाल एवढाच, की तोच काटा दारूला का लावत नाहीत?

लोणावळ्याला जाऊन बघा. एसटी स्टँडवर कोणी विडी पेटवली तर 2003 च्या कायद्याने 200 रुपयांपर्यंत दंड. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्या तिथे येतात. त्यांच्या डिकीत काय असते हे मावळातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. भुशी धरणावर, लायन्स पॉइंटवर पिणे होते आणि काचा मावळच्या शेतकऱ्याच्या बांधावर राहतात. 2024 च्या जुलैत पुण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना मावळासह घाटातल्या तालुक्यांसाठी मनाई हुकूम काढावा लागला. त्यात धबधब्यांजवळ दारू नेण्यापिण्यालाही मनाई होती. म्हणजे दारूने माणूस मरतो हे सरकारला कळते. फक्त ते पावसाळ्यापुरते कळते.

रस्त्याचेही तसेच. दारू पिऊन गाडी हाकल्याने माणसे मरतात म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 2016 च्या डिसेंबरात महामार्गापासून 500 मीटरपर्यंतची दारूदुकाने हटवण्याचा हुकूम दिला. ओरड झाली. 2017 च्या जुलैत खुलासा आला, की नगरपालिकेच्या हद्दीतल्या दुकानांना हा हुकूम लागू नाही. लोणावळ्यात नगरपरिषद आहे आणि जुना मुंबई-पुणे रस्ता गावाच्या मधून जातो. नगरपालिकेच्या हद्दीत घेतलेली दारू चढत नाही, असे समजायचे काय?

सिगारेटच्या पाकिटाच्या दर्शनी बाजूचा 85 टक्के भाग सडलेल्या तोंडाच्या नाहीतर गळ्याच्या चित्राने आणि इशाऱ्याने झाकलेला असतो. दारूच्या बाटलीवर बारीक अक्षरांत एक ओळ. दारूने कर्करोग होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 1988 मध्येच सांगून ठेवले आहे. मग बाटलीवर फुटलेल्या यकृताचे, मार खाल्लेल्या बाईचे चित्र का नाही?

कारण तिजोरीत आहे. तंबाखूवरच्या जीएसटीत केंद्राचा वाटा असतो. पिण्याची दारू जीएसटीच्या बाहेर ठेवली आहे, तिच्यावरचे उत्पादन शुल्क थेट राज्याच्या खिशात पडते. 2025 च्या जूनमध्ये राज्य सरकारने हे शुल्क वाढवले, वर्षाला आणखी 14,000 कोटी रुपये मिळतील असे सांगितले, आणि त्याच दमात धान्यापासून केलेल्या ‘महाराष्ट्र मेड लिकर’चा नवा प्रकार काढला. राज्यात अजून 1949 चा कायदा चालतो, आणि त्याचे नाव दारूबंदी कायदा!

कोरडवाहू शेतकऱ्याने इथे कान टवकारावेत. हे सगळे आपल्या नावाने चालते. 2007 मध्ये धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना अनुदान देण्याचे धोरण आले, तेव्हा ज्वारीवाल्याचे भले होणार असे सांगितले. अनुदान मात्र कारखान्याला होते, ज्वारीवाल्याला नव्हते. 2022 च्या जानेवारीत मोठ्या दुकानांतून वाईन विकायचा निर्णय झाला, तेव्हा द्राक्षवाल्याचे नाव पुढे केले. वाईन म्हणजे दारू नव्हे, असेही पुढारी म्हणाले. ज्वारीला भाकरीसाठी नीट भाव द्या म्हटले की तिजोरी रिकामी, आणि भट्टीसाठी म्हटले की योजना तयार!

याच सरकारचा दुसरा हिशेब पाहा. कर्जबाजारी शेतकऱ्याने जीव दिला की समिती बसते. कागदावर ‘दारूचे व्यसन’ असा शेरा पडला की प्रकरण अपात्र, विधवेला मिळायचे एक लाख रुपये गेले. जिवंतपणी तो पीत होता तेव्हा प्रत्येक बाटलीवरचा कर सरकारने घेतला. त्या कराला कोणी अपात्र ठरवले नाही.

माणूस बघूनही न्याय फिरतो. गावात हातभट्टी पिऊन पडला तो बेवडा, क्लबात पिऊन उठला तो साहेब. 2024 च्या मे महिन्यात पुण्यात कल्याणीनगरला दारू प्यालेल्या अल्पवयीन मुलाच्या महागड्या गाडीखाली दोघे मेले. पहिल्या दिवशी जामिनाची एक अट काय, तर 300 शब्दांचा निबंध लिहिणे. बोभाटा झाला म्हणून पुढची चक्रे फिरली.

सरसकट बंदी आणा असे आम्ही म्हणत नाही. चंद्रपुरात 2015 मध्ये बंदी आली, चोरटी दारू वाढल्याचे सांगत सरकारनेच 2021 मध्ये उठवली. आम्ही मागतो ते साधे आहे. बाटलीवर पाकिटाएवढेच मोठे चित्र छापा. दारूच्या धोरणात शेतकऱ्याचे नाव घेणे बंद करा. व्यसनाचा शेरा मारून विधवेचा हक्क बुडवू नका.

आणि एक काम आपल्या हातातले आहे. दुकान उभे ठेवायचे की आडवे करायचे, यावर गावातल्या बायांना मतदान मागता येते. यादीतल्या एकूण मतदार बायांपैकी निम्म्याहून जास्त जणींची मते आडव्या बाटलीला पडली की दुकानाला टाळे. ज्या गावाला दुकानाचा जाच आहे तिथल्या मायबहिणींनी सह्यांची यादी घेऊन पुढच्या जिल्हा बैठकीला यावे. पुरुषांनी यादीच्या आड येऊ नये. बैठकीत विडी ओढायची नाही हा नियम आपण पाळतोच. बैठक सुटल्यावर ढाब्यावर बसायचे नाही, हाही नियम आजपासून पाळू.