३० हजारांमागं एक

शहरात आपल्याला नाक्यावर डॉक्टर मिळतो. पालम-जिंतूरच्या वस्तीत काय? सरकारी मापानं सपाट मुलखात ३० हजार माणसांमागं एक प्राथमिक आरोग्य केंद्र. रात्री बाई अडली की आधी गाडी शोधा, मग परभणी गाठा, मग नांदेड.

ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच नांदेडच्या सरकारी दवाखान्यात २४ तासांत २४ माणसं मेली. त्यात १२ नवजात लेकरं. पेशंट लांबून, शेवटच्या घडीला येतात, असं साहेब म्हणाले. लांबून का यावं लागतं, ते कोण सांगणार?

त्याच वर्षी परभणीत मेडिकल कॉलेज निघालं. भांडूनच मिळालं. आता भांडण गावच्या केंद्रासाठी. सुट्टीत गावी जाल तेव्हा त्याच्या दारात बसा. डॉक्टर हजर हाय का, औषध हाय का, वहीत मांडा. ती वही जिल्हा परिषदेच्या टेबलावर आपटू.

भीक नाय, हक्क! जयभीम.