शब्दविचार : खाडी

गेल्या महिन्यांत आमच्या धाकट्या नातवानें भूगोलाच्या वहींत ‘बंगालची खाडी’ असें लिहिलें. त्याचा थोरला चुलतभाऊ त्याला हंसला. “बातम्यांत तर तसेंच म्हणतात,” असें सूनबाईंचें म्हणणें पडलें, आणि वाद आमच्या खोलीपर्यंत आला.

बातम्यांत म्हणतात तें खरें. पण त्या बातम्या हिंदी. हिंदींत ‘खाडी’ हा शब्द मोठा ऐसपैस आहे. बंगालचा उपसागर तिकडे खाडी, इराणचें आखात तेंहि खाडी, आणि १९९१ सालीं कुवेतपायीं जें युद्ध झालें तें खाडीयुद्ध. हिंदीच्या घरांत ही मांडणी योग्यच आहे, तींत दोष काढण्याचें आम्हांस कारण नाहीं. मराठींत मात्र या निरनिराळ्या पाण्यांस निरनिराळीं नांवें आहेत. रुंद उघड्या तोंडाचा विस्तीर्ण समुद्र तो उपसागर. कच्छ अथवा खंबायत येथल्याप्रमाणें जमिनींत खोल घुसलेला तो आखात. या शब्दांत ‘खन्’ म्हणजे खणणें हा धातु सरळ दिसतो. (अमरकोशांतील ‘अखात’ ऐकावयास जवळचा असला तरी तो मनुष्यानें न खणलेल्या जलाशयाचा वाचक आहे, दोहोंची गल्लत करूं नये.)

खाडी या दोघांहून पुष्कळ लहान आणि कोंकणी माणसाच्या अगदी उंबऱ्याशीं आलेली. फार पूर्वीं समुद्राची पातळी चढली, नद्यांच्या खोऱ्यांचे खालचे भाग बुडाले, आणि त्यांत भरतीचें खारें पाणी आंतवर येऊं लागलें. कोंकणांतील बहुतेक खाड्या अशा झालेल्या आहेत. त्यांच्या नांवांत एक गंमत आहे. सावित्री समुद्रास मिळते ती बाणकोटची खाडी होऊन, वासिष्ठी दाभोळची, शास्त्री जयगडची, वाघोटण विजयदुर्गची. डोंगरांत नदी माहेरच्या नांवानें वावरते आणि मुखाशीं येतांच बंदराचें नांव लावते! ठाण्याच्या खाडीस मात्र अशी मोठी नदी नाहीं. साष्टीच्या पाठीमागें शिरलेला तो समुद्राचाच हात. उल्हास नदी मुख्यतः वसईच्या खाडींतून जाते. तरीहि लोकांनीं दोन्ही पाण्यांस खाडीच म्हटलें, कारण चिंचोळेपणा, भरतीओहोटी, कांठची खाजणें आणि तिवरें हीं दोहोंकडे सारखींच.

आतां आमचीच एक चूक सांगणें भाग आहे. कोंकणांतील एका शाळेंत आम्ही शिकवीत असतां ‘खाडी म्हणजे काय?’ असा प्रश्न घातला होता. पुस्तकांतील उत्तर ‘जमिनींत शिरलेला समुद्राचा चिंचोळा भाग’. एका मुलानें लिहिलें, ‘खाडी म्हणजे दोन्हीकडे वाहणारी नदी.’ आम्हीं लाल शाईनें शून्य दिलें. पुढें थोड्याच दिवसांनीं पलीकडच्या गांवीं जावयाचें म्हणून तरीवर गेलों. होडी त्याच मुलाच्या वडिलांची होती. ते म्हणाले, “गुरुजी, वाईच थांबा. भरती लागलीय, पाणी वर चाललंय.” पाहतों तों एक नारळाचें सोडण समुद्राकडे पाठ करून सह्याद्रीच्या दिशेनें संथपणें निघालेलें. पूर्वीं गलबतें याच ओघावर बसून चिपळूणजवळच्या गोवळकोटापर्यंत जात आणि ओहोटीबरोबर परत फिरत, हें आम्ही वर्गांत शिकवीत होतों. पण त्या मुलाचें वाक्य आणि हें शिकविणें यांचा मेळ आम्हांस तोंवर लागला नव्हता.

दुसऱ्या दिवशीं शून्य खोडून त्यास पुरे गुण दिले. त्यानें कारण विचारलें नाहीं, आणि आम्हींहि सांगितलें नाहीं. तें अजून खुपतें.

नातवानें वहींत ‘बंगालचा उपसागर’ अशी दुरुस्ती केली आहे. सुटींत त्याला दाभोळला नेऊन फेरीबोटींतून धोपाव्यास जावयाचें ठरलें आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली म्हणजे पूर्ण भरतीचा सुमारें तास निघतो, हा कोळ्यांचा हिशेब त्याला सांगितला आहे. पंचांग पाहून दिवस नक्की करण्याचें काम त्याच्याकडे आहे.