लहानांची उधारी आणि चेंबरचे मौन

मुंबईत १८३६ साली बॉम्बे चेंबर ऑफ कॉमर्सची स्थापना झाली, ती प्रामुख्याने इंग्रज व्यापारी पेढ्यांच्या पुढाकाराने. त्या व्यासपीठावरून एतद्देशीय व्यापाऱ्यांचे म्हणणे पुरेशा जोराने मांडले जाणार नाही, या जाणिवेतून १९०७ साली इंडियन मर्चंट्स चेंबर उभे राहिले. पुढे १९२७ साली वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने महाराष्ट्र चेंबर आणि १९३४ साली पुण्यात मराठा चेंबर अस्तित्वात आले. या इतिहासाचा अर्थ सरळ आहे. बलवानांच्या संस्थेत दुर्बलांचे हित आपोआप जपले जात नाही. आज हाच प्रश्न जिल्ह्याजिल्ह्यांतील चेंबरांना त्यांच्याच लहान सभासदांच्या वतीने विचारण्याची वेळ आली आहे.

चेंबरे लहान व्यावसायिकांसाठी काहीच करीत नाहीत, असे म्हणणे अन्यायाचे होईल. निर्यातीसाठी लागणारा मालाच्या मूळ स्थानाचा दाखला, वस्तू व सेवा कराच्या विवरणपत्रांबाबत मार्गदर्शन, प्रशिक्षणवर्ग, प्रदर्शने, वीजदर व जकातीसारख्या प्रश्नांवर वेळोवेळी दिलेली निवेदने, ही कामे उपयुक्त आहेत. ज्याच्यापाशी स्वतंत्र कायदा सल्लागार नाही, हिशेबनीस नाही, त्या दोन लेथच्या मालकाला चेंबरचे कार्यालय हाच आधार असतो. तथापि संस्थेची खरी कसोटी सर्वांना सोयीच्या असणाऱ्या कामांत लागत नाही. सभासदांचे हितसंबंध एकमेकांविरुद्ध उभे राहतात, तेथे ती लागते. थकलेल्या बिलांचा प्रश्न हा असा आहे.

समजा, एखादा कारखानदार मोठ्या कंपनीला दरमहा पाच लाखांचे सुटे भाग पुरवितो. पैसे पंचेचाळीस दिवसांत मिळाले, तर त्याची साडेसात लाखांची रक्कम अडकून राहते; चार महिन्यांनी मिळाले, तर वीस लाखांची. मधल्या साडेबारा लाखांसाठी बँकेचे कॅश क्रेडिट बारा टक्क्यांनी घेतले, तर वर्षाला दीड लाख रुपये व्याज भरावे लागते. शिवाय बिलावरचा वस्तू व सेवा कर, पैसे हाती आलेले असोत वा नसोत, त्याला पुढच्याच महिन्यात भरावा लागतो. आणि त्याच कराची वजावट घेणारा मोठा ग्राहक मात्र बिल चुकविण्यास एकशे ऐंशी दिवसांपर्यंत निर्धास्त असतो. म्हणजे ज्याला बँक सहज कर्ज देते त्या बड्या उद्योगाला, ज्याला बँक दारात उभे करीत नाही तो लहान उद्योजक बिनव्याजी कर्ज देत आहे. भांडवलाच्या या उलट्या प्रवाहाला बाजाराचा नियम म्हणणे हे अर्थशास्त्र नव्हे.

कायदा नाही, अशी सबब येथे चालणार नाही. विलंबित देण्यांवरील व्याजाचा कायदा १९९३ साली झाला. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याने, करार काहीही असला तरी, सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे पैसे पंचेचाळीस दिवसांच्या आत देणे बंधनकारक केले. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज द्यावे लागते. तक्रारीचा निकाल नव्वद दिवसांत लागावा यासाठी राज्यांत सुविधा परिषदा आहेत आणि निवाड्यास आव्हान द्यावयाचे तर ग्राहकाला आधी पंचाहत्तर टक्के रक्कम भरावी लागते. इतका कडक कायदा असूनही पुरवठादार तक्रार करावयास का धजत नाही? कारण परिषदेकडे अर्ज केला की पुढची ऑर्डर बंद होते. एकटा उद्योजक खटला जिंकतो आणि धंदा गमावतो.

जेथे एकट्याची ताकद पुरत नाही तेथेच संघटनेचे प्रयोजन सुरू होते, हे कामगार चळवळीला शिकवावे लागत नाही. मग चेंबरे येथे गप्प का? ज्या सभागृहात थकबाकीची तक्रार व्हावयाची, त्याच सभागृहाच्या अध्यक्षीय मंचावर अनेकदा थकबाकीदार बसलेला असतो; अधिवेशनाचा खर्चही तोच उचलतो. शिवाय ‘लहान’ या शब्दाची व्याप्तीही वाढत गेली आहे. १ एप्रिल २०२५ पासून शंभर कोटींपर्यंत उलाढाल असलेला उद्योगही लघु ठरतो. अशा उद्योगाने लघुउद्योग समितीचे अध्यक्षपद भूषविले, तर दोन लेथवाल्याचा आवाज कितीसा उरणार?

आयकर कायद्यात २०२३ साली झालेल्या दुरुस्तीने मुदतीत न चुकविलेल्या बिलाची वजावट प्रत्यक्ष पैसे दिलेल्या वर्षीच मिळेल, अशी तरतूद केली. ती पुढे ढकलावी, अशी मागणी २०२४ च्या प्रारंभी व्यापाऱ्यांच्याच काही संघटनांनी केली. मोठे ग्राहक नोंदणी नसलेल्यांकडे वळतील, ही त्यांची भीती निराधार नव्हती. पण त्यावरचा उपाय कायदा लांबविणे हा नव्हे, पुरवठादारांची एकजूट हा होता.

लहान उद्योगाला संरक्षण देण्याचे धोरण समाजवाद्यांना परके नाही. १९७७ च्या औद्योगिक धोरणात जॉर्ज फर्नांडिस यांनी राखीव वस्तूंची यादी पाचशेच्या वर नेली आणि १९७८ पासून जिल्हा उद्योग केंद्रे सुरू झाली. राखीव वस्तूंपैकी शेवटच्या वीस वस्तू २०१५ साली खुल्या करण्यात आल्या आणि ते कवच संपले. राज्यसंस्थेने हात काढून घेतल्यावर स्थानिक संघटनेची जबाबदारी वाढते, कमी होत नाही.

म्हणून चेंबरांपुढे काही स्पष्ट मागण्या ठेवल्या पाहिजेत. कार्यकारिणीत सूक्ष्म उद्योजकांसाठी निम्म्या जागा राखीव असाव्यात आणि वर्गणी कितीही असली तरी मत एकच असावे. पुरवठादारांची नावे गुप्त ठेवून कंपनीवार थकबाकीची नोंदवही चेंबरने ठेवावी व तगादा आपल्या नावाने लावावा. पंचेचाळीस दिवसांपेक्षा जास्त थकलेल्या देण्यांचे जे सहामाही विवरणपत्र कंपन्यांना केंद्र सरकारकडे द्यावे लागते, त्याची प्रत सभासद कंपन्यांनी चेंबरलाही द्यावी. जी देणार नाही तिला पदाधिकारी होता येऊ नये.

याच न्यायाने लहान मालकालाही प्रश्न विचारावा लागेल. बिल थकले की तो आपली अडचण सर्वांत आधी कामगारावर ढकलतो. पगार सात तारखेच्या आत व्हावा असे कायदा सांगतो. छोट्या शेडमध्ये ती तारीख वीस होते, भविष्यनिर्वाह निधी भरला जात नाही आणि किमान वेतन कागदावर राहते. आपल्या हक्काच्या पैशासाठी पक्षाची साथ मागणाऱ्याने आपल्या कामगाराच्या हक्काचा पैसा रोखता कामा नये. या अटीवर दिलेला पाठिंबा म्हणजे मालकशाहीशी तडजोड नव्हे. थकलेल्या बिलाच्या साखळीचे शेवटचे टोक कामगाराच्या चुलीपाशीच पोहोचते, हे ओळखून केलेली ती आघाडी आहे. औद्योगिक वसाहतींतील कार्यकर्त्यांनी या कामाला हात घालावा. चेंबरचे दार ठोठावताना लहान उद्योजक आणि त्याचा कामगार एकत्र उभे राहिले, तर ते दार फार काळ बंद ठेवता येणार नाही.